शक्ती, प्रतिबंधक आणि तांबे

एखाद्या द्रव्यापासून जे कार्य घडते ते घडविण्याची शक्ती त्या द्रव्यात स्वतंत्रपणे वसत असते, की ते कार्य म्हणजे अनेक कारणे एकत्र आल्याचा केवळ परिणाम असतो, हा प्रश्न मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके वादाचा राहिला. या वादाचे ठरलेले उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी जाळतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला, किंवा मंत्राचा वा औषधीचा प्रयोग केला, तर तोच अग्नी हात भाजत नाही, अशी त्या काळची सर्वमान्य समजूत होती. मणी ठेवण्यापूर्वीचा आणि नंतरचा अग्नी दिसायला सारखाच असतो, त्याचे रूप आणि उष्ण स्पर्श बदललेले नसतात, तरीही दाह होत नाही. यावरून मीमांसकांनी असे अनुमान केले की अग्नीत डोळ्यांना न दिसणारी दाहशक्ती नावाची वेगळी वस्तू असली पाहिजे आणि मण्याने ती नष्ट किंवा कुंठित झाली असली पाहिजे. प्रभाकराच्या अनुयायांनी तर शक्तीला द्रव्य, गुण यांच्या बरोबरीने स्वतंत्र पदार्थाचे, म्हणजे अस्तित्वाच्या मूलभूत प्रकाराचे, स्थान दिले.

नैयायिकांना ही भर अनावश्यक वाटली. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत आणि पुढे 14 व्या शतकात गंगेशाने तत्त्वचिंतामणीत मांडलेली भूमिका अशी की कार्य हे एका कारणाने नव्हे, तर कारणसामग्रीने, म्हणजे सर्व आवश्यक कारणांच्या समुच्चयाने घडते, आणि या सामग्रीत प्रतिबंधकाचा अभाव हेही एक कारण असते. मणी असताना दाह होत नाही याचा अर्थ शक्ती गेली असा नसून, ‘मण्याचा अभाव’ हे एक कारण सामग्रीतून वजा झाले, एवढाच आहे. प्रतिपक्षाने यावर अडचण काढली, की दुसरा एक मणी असा असतो की तो आणून ठेवला तर पहिला मणी असतानाही अग्नी पुन्हा जाळू लागतो. त्या दुसऱ्याला उत्तेजक म्हणतात. नैयायिकांनी तेही मान्य करून कारणाचे लक्षण अधिक नेमके केले: उत्तेजक नसताना जो प्रतिबंधक असतो, त्याचा अभाव हे दाहाचे कारण. आजच्या वाचकाला ही शब्दांची कसरत वाटण्याचा संभव आहे, कारण आग विझविल्यावाचून तिचा दाह थांबविणारा मणी कोणी पाहिलेला नाही. परंतु उदाहरण काल्पनिक असले तरी त्याची रचना काल्पनिक नाही. धातूंच्या, आणि त्यांतही तांब्याच्या, आधुनिक अभ्यासात प्रतिबंधक आणि उत्तेजक यांची खरीखुरी उदाहरणे विपुल सापडतात, आणि जुना वाद तेथे तपासून पाहता येतो.

प्रारंभ निर्जीव वस्तूंपासून करावा. विजेच्या तारेसाठी वापरायचे तांबे जितके शुद्ध तितके चांगले, हे अभियांत्रिकीतले प्राथमिक ज्ञान आहे. 1913 मध्ये तांब्याच्या विद्युतवाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविले गेले आणि आजही इतर धातूंची वाहकता त्याच्याशी तुलना करून सांगतात. या तांब्यात 0.04 टक्क्यांपर्यंत फॉस्फरस मिसळला तर वाहकता जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरते, म्हणून तारेच्या तांब्यात फॉस्फरस हा दोष ठरतो. उलट तारेच्या नेहमीच्या तांब्यात अल्प प्रमाणात असलेला ऑक्सिजन तेथे उपद्रव देत नाही. पण असे तांबे हायड्रोजन असलेल्या ज्योतीखाली तापविले, तर हायड्रोजन आत शिरून त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, धातूच्या पोटात वाफ तयार होते आणि तिच्या दाबाने कण एकमेकांपासून सुटून धातू ठिसूळ होतो. ज्या नळ्या डाग देऊन जोडायच्या असतात त्यांच्या तांब्यात म्हणूनच फॉस्फरस मुद्दाम घालतात, कारण तो ऑक्सिजनला आधीच बांधून ठेवतो. तारेतला दोष नळीत गुण झाला, आणि दोन्हीकडे फॉस्फरस तोच, तांबे तेच आणि प्रमाणही जवळजवळ तेच.

पोलादातील तांब्याची गोष्ट याहून बोधक आहे. भंगारातील मोटारी आणि यंत्रे वितळवून पोलाद करताना त्यांतील तारांचे तांबे पोलादात येते, आणि ऑक्सिजनने जाळून इतर अशुद्धी जशा काढता येतात तसे ते काढता येत नाही, कारण तांब्यापेक्षा लोखंडच आधी जळते. पोलाद लाटण्यासाठी तापविले की पृष्ठभागावरचे लोखंड जळून त्याची खपली होते, मागे राहिलेले तांबे त्या खपलीखाली साचते, 1085 अंश सेल्सिअसला वितळते आणि पोलादाच्या कणांमधल्या सीमांत झिरपून पृष्ठभागाला भेगा पाडते. मात्र त्याच पोलादात थोडे निकेल असेल तर तांबे लोखंडात विरघळून राहते आणि भेगा टळतात. अमेरिकेत 1933 पासून विकले जाणारे, उघड्यावर गंजाचा घट्ट थर धरून स्वतःचे रक्षण करणारे कॉर्टेन पोलाद तर बऱ्याच अंशी तांब्यामुळे तसे वागते. नैयायिकांच्या परिभाषेत निकेल हा येथे भेगेचा प्रतिबंधक आहे. तांबे नाहीसे झालेले नाही, त्याच्यापासून घडणारे कार्य तेवढे थांबले आहे.

भारताच्या पावसाळ्यानेही या शास्त्राला एक प्रसिद्ध प्रश्न दिला होता. 19 व्या शतकात ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे येथे कोठारांत आणि तबेल्यांत साठविलेली असता पावसाळ्याच्या दिवसांत आपोआप चिरत, आणि या चिरण्याला ऋतूवरूनच नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या 1921 च्या अभ्यासाने त्याची कारणे स्पष्ट केली: काडतूस ओढून घडविताना पितळात अडकून राहिलेला ताण, घोड्यांच्या मूत्रातून हवेत येणारा अमोनिया, आणि दमट हवा. यांतील एकही गोष्ट एकटी पितळाला चिरत नाही. काडतुसे घडविल्यावर माफक तापवून ताण घालविला, तर तबेल्यात ठेवूनही ती टिकतात, आणि अमोनिया नसेल तर ताण असलेली काडतुसेही टिकतात. कारणसामग्रीची कल्पना विद्यार्थ्याला समजावून सांगायची झाली तर घट, दंड आणि चक्र या परंपरागत उदाहरणापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी ठरावे, कारण कुंभाराच्या चाकाचे कारणत्व उघड दिसते, तर काडतुसातला ताण चिरण्याच्या क्षणापर्यंत कोणाला दिसत नाही.

सजीव देहात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कार्याला ‘इष्ट’ आणि ‘अनिष्ट’ अशी विशेषणे लागतात. तांबे प्राण्यांना आवश्यक आहे हे 1928 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, एल्व्हेजेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखविले. केवळ लोह देऊन न हटणारा रक्तक्षय तांब्याचा अंश मिळताच हटला. त्यानंतर नऊ वर्षांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स आणि चॅपमन यांनी कोकरांच्या एका व्याधीचे मूळ शोधून काढले. तेथील काही कुरणांवर जन्मणारी कोकरे मागच्या पायांनी लडखडत, पुढे उभीच राहू शकत नसत, आणि त्यांच्या मेंदूत व मज्जारज्जूत मज्जातंतूंवरचे आवरण नीट तयार झालेले नसे. गाभण मेंढीला तांबे दिले की कोकरू धडधाकट निपजे. जन्मल्यानंतर, मेंदूची हानी होऊन गेल्यावर, दिलेले तांबे फारसे उपयोगी पडत नसे. म्हणजे एकच द्रव्य, एकाच प्रमाणात, काही आठवड्यांच्या अंतराने सार्थ किंवा निरर्थक ठरत होते. काळ हे वैशेषिकांनी सर्व उत्पन्न होणाऱ्या वस्तूंचे साधारण कारण मानले होते, परंतु येथे तो साधारण राहत नाही. गर्भाच्या विशिष्ट आठवड्यांना असाधारण कारणाचे महत्त्व येते.

खरा मणी मात्र इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात सापडला. तेथील काही कुरणांवर चरणाऱ्या गाईंना हगवण लागे, त्या खंगत आणि त्यांच्या केसांचा रंग उडे. 1938 मध्ये फर्ग्युसन, लुईस आणि वॉटसन यांनी दाखविले की या गवतात मॉलिब्डेनम हा धातू जास्त आहे, आणि गाईंना मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, दिल्यावर त्या बऱ्या होतात. गवतात तांबे पुरेसे असूनही गाय तांब्यावाचून राहत होती. ऑस्ट्रेलियात ए. टी. डिक यांच्या प्रयोगांतून पुढे असे कळले, की मॉलिब्डेनम हा प्रतिबंध एकट्याने करीत नाही, त्याला गंधकाची जोड लागते: रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव गंधकाचे सल्फाइड करतात, त्याच्याशी मॉलिब्डेनमचा संयोग होऊन थायोमॉलिब्डेट नावाचे संयुग बनते, आणि ते तांब्याला असे धरून ठेवते की देहाला ते वापरता येत नाही. हे संयुग रक्तात शिरले तर रक्तातील तांब्याचा एकूण आकडा कधी कधी वाढलेलाही दिसतो, आणि तरीही जनावर तांब्याच्या अभावाने आजारी असते. मण्याजवळचा अग्नी रूपाने आणि स्पर्शाने तोच असूनही जाळत नाही, असे म्हणणाऱ्या शास्त्रकारांना याहून चांगला दृष्टांत मिळाला नसता. येथे गंधक हे प्रतिबंधकाचे सहकारी कारण आणि मोरचूद हे उत्तेजक.

आता याच द्रव्याची दुसरी बाजू. मेंढीला तिच्या खाद्यात किलोमागे पाच ते दहा मिलिग्रॅम तांबे पुरते, आणि युरोपीय संघाने मेंढ्यांच्या खाद्यासाठी किलोमागे 15 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. डुकरांच्या खाद्यात मात्र वाढ चांगली व्हावी म्हणून किलोमागे शंभर ते अडीचशे मिलिग्रॅम तांबे अनेक वर्षे घातले गेले आणि डुकरांना ते मानवले. मेंढीचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्यात दुबळे असते, म्हणून ते आत साठत जाते. महिनोन्महिने मेंढी निरोगी दिसते, आणि एके दिवशी प्रवास, उपासमार अशा एखाद्या ताणाने यकृतातील साठा रक्तात सुटतो, तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते, मूत्र काळपट लाल होते आणि थोड्याच दिवसांत ती मरते. गाईम्हशींसाठी बनविलेले खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये, हा पशुवैद्यांचा सल्ला यासाठीच असतो. माणदेशात किंवा नगर-सोलापूरकडे मेंढरे पाळणाऱ्या धनगरांच्या दृष्टीने तो आजही कामाचा आहे.

येथे विषविज्ञानातील एक लोकप्रिय सिद्धांत तपासावा लागतो. 16 व्या शतकातील युरोपीय वैद्य पॅरासेल्सस याने असे प्रतिपादले होते की प्रत्येक वस्तू विष आहे आणि ती विष ठरते की नाही हे केवळ मात्रेने ठरते. हे मत आज इतके रूढ झाले आहे की ते वादाचा शेवटचा शब्द मानले जाते. परंतु वरील उदाहरणांत मात्रा हे उत्तर पुरत नाही. किलोमागे दहा मिलिग्रॅम तांबे मॉलिब्डेनमने भरलेल्या कुरणावर अपुरे, सामान्य कुरणावर योग्य, आणि मॉलिब्डेनम अगदीच कमी असलेल्या खाद्यात दीर्घकाळ दिल्यास मेंढीच्या बाबतीत धोक्याचे ठरू शकते. मात्रा ही तांब्याची संख्या नसून तांबे, माती, प्राण्याची जात आणि काळ यांच्यातील संबंधाची संख्या आहे. या दृष्टीने पॅरासेल्ससपेक्षा चरकसंहितेची भूमिका अधिक सूक्ष्म आहे. औषध नाही असे जगात काहीच नाही, आणि तीव्र विषही योजनेने औषध होते तर औषधही चुकीच्या योजनेने विष होते, असे सांगताना चरकाने निर्णायक स्थान मात्रेला न देता युक्तीला दिले, म्हणजे मात्रा, काळ, देश, प्रकृती आणि संयोग या सर्वांचा मेळ घालणाऱ्या विचारपूर्वक योजनेला.

मेंढीपासून मानवी मेंदूपर्यंतचा दुवा 1972 मध्ये मेलबर्न येथे जुळला. त्यापूर्वी दहा वर्षे, 1962 मध्ये, अमेरिकेतील जॉन मेंकिस यांनी काही मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले होते. या अर्भकांचे केस विरळ, निस्तेज आणि पिळवटलेले असत, त्यांना झटके येत, मेंदूचा ऱ्हास होत जाई आणि बहुतेक मुले तीन वर्षांच्या आत दगावत. ऑस्ट्रेलियातील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड डँक्स यांच्या लक्षात आले की हे केस तांबे कमी पडलेल्या मेंढ्यांच्या लोकरीसारखे दिसतात, कारण त्या देशात अशी बिघडलेली, कुरळेपणा गेलेली लोकर मेंढपाळांना आणि शास्त्रज्ञांना परिचित होती. तपासणीत रोगाचे मूळ तांब्यातच निघाले: आतड्याच्या पेशी अन्नातले तांबे घेतात, पण ते पुढे रक्तात सोडणारे प्रथिन सदोष असल्याने तांबे तेथेच अडकते आणि मेंदू उपाशी राहतो. एक बालरोगतज्ज्ञ लोकरीकडे पाहून मेंदूचे निदान करतो, ही घटना विद्याशाखांच्या आजच्या विभागणीविषयी काही सांगते, परंतु तो विषय वेगळा.

मेंकिसच्या रोगाचे जणू प्रतिबिंब म्हणजे विल्सनचा रोग. लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ सॅम्युअल किनिअर विल्सन यांनी 1912 मध्ये तो वर्णिला. यात यकृतातले, तांबे पित्तात टाकणारे प्रथिन निकामी असते. त्याचा जनुक 1993 मध्ये ओळखला गेला, आणि हा रोग ढोबळमानाने तीस हजारांत एकाला होतो. तांबे प्रथम यकृतात साठते आणि मग मेंदूच्या खोल भागातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांत उतरते. हाताला कंप सुटतो, बोलणे अडखळते, स्वभाव बदलतो, कित्येकदा मानसिक आजार म्हणूनच उपचार चालू राहतात, आणि डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे उमटते. विशेष असे की रक्तातील एकूण तांबे बहुधा कमी भरते, कारण ते वाहून नेणारे प्रथिन तांब्यावाचून लवकर नष्ट होते. सॉमरसेटच्या गाईच्या रक्तात तांबे दिसते आणि ती तांब्यावाचून झुरते. विल्सनच्या रुग्णाच्या रक्तात ते कमी दिसते आणि त्याचा मेंदू तांब्याने विषाक्त होतो. द्रव्याचे अस्तित्व आणि द्रव्याचे कार्य यांत किती अंतर असू शकते याची ही दोन टोके आहेत.

उपचारांतही मण्याची गोष्ट पुन्हा येते. जॉन वॉल्श यांनी 1956 मध्ये पेनिसिलामाइन या औषधाने तांबे मूत्रावाटे बाहेर काढण्याची पद्धत आणली. जस्ताचा मार्ग निराळा आहे: रोज दिलेले जस्त आतड्याच्या पेशींमध्ये धातू बांधून ठेवणारे एक प्रथिन वाढविते, ते तांब्याला पकडते, आणि त्या पेशी गळून पडताना तांबेही मलावाटे जाते. हेच जस्त निरोगी माणसाने भरमसाट घेतले तर त्याच्या मज्जारज्जूची हानी तांब्याच्या अभावाने होते, आणि त्याची चाल त्या लडखडणाऱ्या कोकरांच्या व्याधीची आठवण करून देते. मिशिगन विद्यापीठातील जॉर्ज ब्रूअर यांनी तर मेंदूला बाधा झालेल्या विल्सनच्या रुग्णांवर थायोमॉलिब्डेटचाच प्रयोग केला. सॉमरसेटच्या कुरणावर जे गाईचे दुखणे होते, त्याची यंत्रणा माणसाच्या मेंदूसाठी औषध म्हणून वापरली गेली.

या सर्व उदाहरणांतून वादाचा निकाल कोणत्या बाजूने लागतो? वरवर पाहता नैयायिकांच्या बाजूने, कारण सर्वत्र सामग्री बदलली की कार्य बदलते आणि तांबे तसेच राहते. तरीही मीमांसकांच्या म्हणण्यात एक न संपणारा अंश उरतो. थायोमॉलिब्डेटने लोखंडाला बांधले असते तर सॉमरसेटच्या गाईंच्या केसांचे जे झाले ते झाले नसते. म्हणजे तांब्यात असे काही आहे जे दुसऱ्या धातूत नाही. रसायनशास्त्राप्रमाणे ते ‘काही’ म्हणजे दोन विद्युतभारस्थितींमध्ये सहज ये-जा करण्याची, एक इलेक्ट्रॉन देण्याची आणि परत घेण्याची तांब्याच्या अणूची क्षमता. पेशीत श्वसनाचा शेवटचा टप्पा पार पाडणारे एन्झाइम, डोपामीनपासून नॉरॲड्रेनलीन बनविणारे एन्झाइम, केसांना रंग देणारे एन्झाइम, ही सर्व याच क्षमतेवर चालतात. हेच तांबे प्रथिनांच्या पकडीतून सुटून मोकळे झाले की त्याच देण्याघेण्यातून पेशीतील मेद आणि प्रथिने जाळणारे उग्र रेणू निर्माण होतात. पोषण करणारी एक शक्ती आणि मारणारी दुसरी, अशा दोन शक्ती तांब्यात नाहीत. क्षमता एकच आहे.

यावरून असे दिसते की मीमांसकांची चूक शक्ती मानण्यात नव्हती, तर शक्तीला फळाचे नाव देण्यात होती. ‘दाहशक्ती’ म्हटले की दाह हे फळ अग्नीत आधीच सूक्ष्मरूपाने बसविल्यासारखे होते, आणि मग ते प्रकट न झाल्यास कोणीतरी ते हिरावून घेतले असे मानावे लागते. नव्यन्यायात यासाठी एक उपयुक्त भेद केलेला आहे: रानात पडलेल्या काठीतही घट घडविण्याची स्वरूपयोग्यता, म्हणजे तिच्या जातीमुळे आलेली पात्रता, असते, पण फलोपधायकता, म्हणजे प्रत्यक्ष फळ देणे, कुंभाराच्या हातातील काठीतच असते. मात्र हा भेदसुद्धा पात्रतेचे वर्णन फळावरूनच करतो. तांब्याच्या बाबतीत ते पुरत नाही, कारण त्याची पात्रता परस्परविरुद्ध फळांकडे सारखीच उन्मुख आहे. योग्यता द्रव्याची असते, ती खरी असते, पण तिला इष्ट किंवा अनिष्ट असा मोहरा नसतो. तो सामग्रीने मिळतो.

बौद्ध माध्यमिकांनी यावर आणखी एक पाऊल टाकले असते. नागार्जुनाच्या मते जे इतरांवर अवलंबून उत्पन्न होते त्याला स्वभाव, म्हणजे स्वतःपुरते निरपेक्ष असे सत्त्व, असूच शकत नाही. मग तांब्याची ती इलेक्ट्रॉन देण्याघेण्याची क्षमताही अणूच्या आतील कणांच्या परस्परसंबंधांतूनच येते, ती तरी निरपेक्ष कशी? तर्क म्हणून हे खोडता येत नाही. परंतु मेंढी वाचविण्याच्या पातळीवर तांबे आणि मँगॅनीज यांत भेद करावा लागतो, आणि तो भेद ज्याच्या आधारे होतो त्याला व्यवहारापुरते तरी स्थिर मानावे लागते. माध्यमिकांनी स्वीकारलेल्या संवृतिसत्याला, म्हणजे व्यावहारिक सत्याला, एवढी जागा खुद्द त्यांच्या दर्शनातही आहे. मँगॅनीजची कथा अशीच, पण थोडक्यात सांगण्यासारखी आहे. बारा-तेरा टक्के मँगॅनीज घातल्याने झिजेला दाद न देणारे पोलाद 1882 मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी बनविले. कोंबडीच्या पिलांना ते कमी पडले तर त्यांच्या पायाचा सांधा सुजून शीर घसरते, हे 1936 मध्ये कळले. आणि मँगॅनीजची भुकटी श्वासावाटे वर्षानुवर्षे घेणाऱ्या कामगारांची चाल व चेहरा थिजतात, हे ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी 1837 मध्येच नोंदविले होते. ज्या वाटेने धातू देहात शिरतो ती वाटही सामग्रीचा भाग आहे, असे यातून दिसते.

या विचाराला धर्माचाराची बाजूही आहे. हिंदू पूजाविधीत तांब्याला पवित्र मानले जाते. ताम्हण, पळी, पंचपात्र तांब्याची, सूर्याला अर्घ्य तांब्याच्या पात्रातून. त्याच परंपरेत तांब्याच्या भांड्यात दूध-दही ठेवू नये असा निषेधही आहे, आणि रसशास्त्राच्या ग्रंथांनी तर विषात एक दोष आणि न शोधलेल्या तांब्यात आठ, असे म्हणून वांती व भ्रम यांची त्यांत गणना केली आहे. म्हणजे तांबे निरपवाद पवित्र, असे परंपरेचे मत नव्हते. पाणी, गोरस आणि औषध या तीन ठिकाणी तिने तीन वेगळे नियम केले. यावरून पूर्वजांना तांब्याचे रसायन कळले होते असा निष्कर्ष काढण्याची जी घाई आजकाल होते ती मात्र निराधार आहे. नियमाचे कारण सांगितलेले नसले की नियम कोठवर लागू करायचा हेही सांगता येत नाही, आणि त्याची किंमत पश्चिम भारतातील लहान मुलांनी मोजली.

इंडियन चाइल्डहुड सिर्‍होसिस या नावाने ओळखला जाणारा यकृताचा घातक रोग सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना होई, अनेकदा एकाच घरातील एकामागून एक मुलांना. यकृत कठीण होई, कावीळ वाढे आणि मूल काही महिन्यांत जाई; अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह केलेल्या अभ्यासात असे आढळले, आणि 1983 मध्ये प्रसिद्ध झाले, की या मुलांना आईच्या दुधाऐवजी लवकरच वरचे दूध सुरू केलेले असे आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले वा साठविलेले असे. पितळेत मुख्य धातू तांबेच असतो. दुधातील केसीन हे प्रथिन ते तांबे बांधून घेते आणि बाळाच्या आतड्यात पोचविते. भांड्याला कल्हई असेल तर कथिलाचा थर दूध आणि तांबे यांच्यात उभा राहतो, पण कल्हई झिजते, आणि झिजलेल्या कल्हईच्या भांड्यातही दूध पांढरेच दिसते. घरोघर स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर, आणि पितळी भांड्याविषयीची सूचना पसरल्यावर, हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. अशाच प्रकारचा बालयकृतरोग ऑस्ट्रियातील टायरोल भागातही तांब्याच्या भांड्यातील दुधामुळे होत असल्याचे 1996 मध्ये दाखविण्यात आले. अशा भांड्यांतले दूध पिणारी सर्वच मुले आजारी पडली नाहीत, म्हणून सामग्रीत आनुवंशिकतेचाही वाटा असावा असे अभ्यासकांना वाटत आले आहे.

तांब्याच्या बाटलीतील पाणी सर्वरोगहारक म्हणून विकणारा आजचा बाजार आणि ‘जड धातू’ या शब्दानेच घाबरणारा त्याचा प्रतिस्पर्धी बाजार, दोन्ही स्वभाववादी आहेत. एकाने द्रव्यात पावित्र्य कायमचे बसविले, दुसऱ्याने विष. तात्त्विक चूक दोघांची एकच, आणि ती निरुपद्रवी नाही.

नैयायिकांच्या मतावर एक जुना आक्षेप राहतो. प्रतिबंधकाचा अभाव हे कारण मानले तर अशा अभावांना अंत राहत नाही, कारण अग्नीजवळ नसलेल्या गोष्टी अगणित आहेत. त्यांतील कोणता अभाव कारण म्हणून मोजायचा? नैयायिकांचे उत्तर अन्वय-व्यतिरेकाचे होते: जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही ते कारण, मग ते भावरूप असो वा अभावरूप. याचा अर्थ असा की अभावाचे कारणत्व तो अभाव मोडल्यावाचून बहुधा कळत नाही. कल्हईचे महत्त्व ती झिजल्यावर, मॉलिब्डेनम नसण्याचे महत्त्व ते गवतात आल्यावर, आणि ताण नसण्याचे महत्त्व काडतूस चिरल्यावर कळले. विल्सनच्या रोगात मात्र हा क्रम उलटा करता येतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला तोच दोष मिळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून भावंडांचीही तपासणी करतात, आणि ज्या मुलात दोन्ही जनुके सदोष निघतात त्याला एकही लक्षण दिसत नसताना जस्त किंवा तत्सम औषध सुरू करून जन्मभर चालू ठेवतात. ते मूल शाळेत जाते, खेळते, मोठे होते, आणि त्याच्या मेंदूत काय घडले असते हे त्याच्यापुरते कधीच सिद्ध होत नाही. अभावाला सातवा पदार्थ म्हणून मान्यता देणाऱ्या वैशेषिकांनी त्याचे जे चार प्रकार केले, त्यांतील प्रागभाव, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, हा उत्पत्तीने संपणाराच असतो असे त्यांनी मानले होते. कधीच न होणाऱ्या रोगाच्या या अभावाला त्या चारांपैकी कोणत्या प्रकारात बसवायचे, हे त्यांच्या वर्गीकरणात आयते ठरलेले नाही.